सुटून आलेल्याला काम कोण देणार?

आपल्या चिक्कडपल्लीहून कोठी, चादरघाट करत मलकपेटच्या बाजूला गेलं की चंचलगुड्याचं मध्यवर्ती कारागृह लागतं. तिथल्या कारागृह खात्याच्या पंपावर आपल्या गाडीत पेट्रोल भरणारा माणूस कैदी असू शकतो, नाहीतर शिक्षा भोगून सुटलेला. चेर्लापल्लीला कैद्यांची शेतीची खुली वसाहत आहे. तुरुंगात तयार झालेले साबण, फिनाईल, फर्निचर असा माल 'माय नेशन' या नावाने विकला जातो. माल चांगला असतो, घ्यायला हरकत नाही.

पण कैद्याला कामाला लावणं म्हणजे फुकट राबवणं नव्हे. 1998 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सक्तमजुरीच्या कैद्याला रास्त मजुरी मिळाली पाहिजे आणि तिच्यातला काही भाग गुन्ह्याची झळ बसलेल्यांसाठी बाजूला काढावा. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. केलेल्या नुकसानीची थोडी तरी भरपाई माणसाने स्वतःच्या घामातून करावी, यात त्याचाही मान राहतो.

आपल्या मराठी मुलखाने तर ही वाट फार आधी धरली. औंधच्या पंतप्रतिनिधींच्या संस्थानात, आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला 1939 साली कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. भिंत नाही, शेती करायची, बायकामुलंही सोबत. 'दो आँखें बारह हाथ' हा शांतारामबापूंचा 1957 चा सिनेमा त्यावरूनच सुचलेला, कथा माडगूळकरांची.

एक अडचण मात्र ध्यानात घ्या. देशातल्या दर चार कैद्यांत जवळजवळ तिघांचा खटला अजून निकालीच लागलेला नसतो. अशा कच्च्या कैद्यावर कामाची सक्ती करता येत नाही, ते बरोबरच आहे. पण त्यामुळे पुष्कळ जण महिनोन्‌महिने नुसते बसून राहतात आणि हातात काही हुन्नर न घेताच बाहेर येतात.

आणि हुन्नर शिकून आला तरी काय? माझा एक जुना विद्यार्थी आत सुतारकाम शिकला. सुटल्यावर एका कारखान्यात गेला. हात बघून मालक खूश झाला. "इतकी वर्षं कुठं होतास?" असं विचारल्यावर पोराने खरं ते सांगितलं. "उद्या ये," म्हणाला मालक. तो 'उद्या' काही उजाडला नाही. पोरगा मला म्हणाला, "सर, खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं का?" शाळेत खरं बोलायला मीच शिकवलेलं. काय उत्तर देणार?

तुरुंगातल्यांची भेट घेणं आपण ख्रिस्ती लोक दयेच्या कृत्यांत मोजतो. नाताळात केक घेऊन जातो, चांगलंच आहे. पण आपल्यात बेकरीवाले आहेत, ठेकेदार आहेत, शाळा-वसतिगृहं चालवणारे आहेत. प्रत्येकाने सुटून आलेल्या एकाला, फक्त एकाला, सहा महिने कामावर ठेवून बघावं. पगार इतरांइतकाच द्यावा आणि मागचं पुन्हा विचारू नये. शेजारच्या हिंदू-मुसलमान बांधवांनाही माझी हीच विनंती आहे.