कडू मुळाचे फूल

स्मृतिव्याख्यानाच्या निमित्ताने मी आपणांसमोर एका दूरदेशीच्या रानफुलाची हकीकत ठेवीत आहे. अमेरिकेच्या पश्चिमेकडील कोरड्या, खडकाळ झुडपी माळांवर ते उगवते. लोक त्याला बिटररूट, म्हणजे कडू मूळ, म्हणतात. शास्त्रीय नाव लुइसिया रेडिविवा.

ही बहुवर्षायू वनस्पती जेमतेम बोटभर उंचीची. पाने अरुंद, मांसल, आपल्या घोळीसारखी पाणी साठविणारी. पूर्वी तिची गणनाही घोळीच्याच कुळात होई. वसंतात टवटवीत असलेली ही पाने फुलण्याच्या सुमारास सुकू लागतात. त्यामुळे मे ते जुलैमध्ये येणारी गुलाबी वा पांढरी फुले उघड्या जमिनीतूनच उमलल्यासारखी दिसतात. पुढे वर काहीच उरत नाही. जाड, पिष्टमय मूळ तेवढे मातीखाली जीव धरून असते.

सरकारी शोधमोहिमेचा नायक मेरिवेदर लुईस याने १ जुलै १८०६ रोजी आजच्या मोंटाना राज्यात या वनस्पतीचे नमुने गोळा केले. त्या वाळलेल्या नमुन्यांची मुळे पुढे फिलाडेल्फियात मातीत लावली असता त्यांना चक्क पालवी फुटली. १८१४ मध्ये फ्रेडरिक पर्श याने नामकरण करताना लुईसची स्मृती राखली आणि त्यास 'रेडिविवा', म्हणजे पुनरुज्जीवित, हे विशेषण जोडले. उन्हाळ्यात सुकून पावसाळ्यात मुळातून फुटणाऱ्या वनस्पतीस आपल्याकडे 'पुनर्नवा' म्हणतात, ते याच न्यायाने.

तथापि लुईसने हे फूल शोधून काढले, असे म्हणणे मला उचित वाटत नाही. सॅलिश लोकांचे ते पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न होते. साल सहज सुटते अशा दिवसांत, फुलण्यापूर्वीच मुळे खणावीत. कडू साल आणि आतील तांबडा गाभा काढावा. मग वाळवून साठवावीत, हे त्यांना ठाऊक होते. १८९१ मध्ये त्यांना त्याच फुलाचे नाव असलेले बिटररूट खोरे सोडून राखीव प्रदेशात जावे लागले. पुढे चारच वर्षांनी, १८९५ मध्ये, मोंटानाने हे फूल राज्यपुष्प ठरविले! फुलाला मान मिळाला, तो त्याला ओळखणाऱ्यांना घराबाहेर काढल्यानंतर.

तरीही सॅलिश लोक आजही वसंतात प्रार्थना करून पहिले मूळ खणतात, आणि मुले ते पाहून शिकतात. नाव ग्रंथात टिकते. ज्ञान मात्र असे हातांतून हाती द्यावे लागते. परप्रांती मराठी शाळा चालविणाऱ्या आपणांस हे वेगळे सांगावयास नको.