एका फाशाचा लहरीपणा

शारजाच्या अल मजाजमधल्या फ्लॅटमध्ये खेळा की पुण्याच्या वाड्यात, फाशाचे गणित तेच राहते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या 1974 च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका-खेळात पात्राचे बळ, बुद्धी असे गुण तीन सहाबाजू फाशांच्या बेरजेने ठरत. 216 शक्यतांपैकी 10 किंवा 11 येण्याच्या 54, पण 18 येण्याची एकच. म्हणजे बहुतेक पात्रे मध्यम, असामान्य विरळा. लढाईत मात्र वीस बाजूंचा एकच फासा आला, आणि त्यावर 1, 11, 20 यांची शक्यता सारखीच, 5 टक्के. पात्र घडवायला एक न्याय, त्याची परीक्षा घ्यायला दुसरा! आपल्या पटातल्या कवड्याही पहिल्याच न्यायाच्या: सगळ्या उताण्या क्वचितच पडतात.

फरक किती पडतो? निष्णात पात्राला 5 गुण जादा द्या आणि नवख्याशी झुंजवा. वीसबाजू फाशावर नवखा 26 टक्के वेळा सरळ जिंकतो. तीन फाशांच्या बेरजेवर 10 टक्क्यांहूनही कमी. कौशल्याला अर्थ हवा तर बेरजेची रीत बरी. एक फासा झटपट वाचता येतो, अनपेक्षित निकालाशिवाय खेळात मजा नाही, हा आक्षेप अर्धा खरा आहे. बेरीज करायला वेळ लागतोच. पण मजा अनिश्चिततेत आहे, अंदाधुंदीत नव्हे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या 2014 च्या पाचव्या आवृत्तीने अनुकूल परिस्थितीत दोन वीसबाजू फासे टाकून मोठा आकडा घेण्याची सोय केली, सरासरी 10.5 वरून 13.8 वर गेली. प्रतिकूल प्रसंगी मात्र त्याच दोन फाशांतला लहान आकडा घ्यावा लागतो.