मेरी स्लेसर: कायद्याआधी पाळणा

मेरी स्लेसर ही डंडीच्या ताग गिरणीत राबलेली स्कॉटिश बाई १८७६मध्ये मिशनरी म्हणून आजच्या नायजेरियातल्या कॅलाबारला गेली. तिथे जुळी मुलं अपशकुनी मानत. त्यांना मारत किंवा रानात टाकत आणि आईलाही हाकलत. मेरीने अशी कितीतरी पोरं घरात घेतली. तान्ह्यांच्या झोळ्या टांगायच्या, प्रत्येकीला दोरी बांधायची आणि रात्री कोणी रडलं की अंथरुणातूनच ती ओढायची! माझ्या मते तिचं खरं धर्मकार्य हेच. जुळ्यांच्या हत्येवर १८७८मध्येच कागदोपत्री बंदी आली होती, पण आतल्या गावांत ती कोण मानणार? तिथे जुळ्यांतली जेनी डोळ्यांदेखत मोठी होते, घर सांभाळते, १८९८मध्ये मेरी आणि तीन बहिणींबरोबर स्कॉटलंडलाही जाऊन येते, आणि कोणावर काही अरिष्ट येत नाही. शापाची भीती प्रवचनाने जात नाही, असा पुरावा समोर वावरताना दिसला तर निदान डळमळते.

यावर आक्षेप असा की हे साम्राज्याचंच काम. तो अगदीच पोकळ नाही. १८९२मध्ये मेरी ब्रिटिशांची व्हाइस-कॉन्सुल झाली आणि न्यायनिवाडेही करू लागली. पोरं ख्रिस्ती वळणात वाढली, हेही खरं. पण त्यांना परत द्यायचं कोणाला? आईच हाकललेली होती. मेरीने अशा आयांनाही आसरा दिला, हे मात्र टीकाकार आणि भक्त दोघंही घाईत विसरतात.