पडक्या घराची जबाबदारी

देगलूरच्या जुन्या गल्ल्यांत मातीच्या भिंती आणि माळवदाची घरं अजून आहेत. मालक पुण्या-हैदराबादला आणि घराला कुलूप. माळवदाला दरवर्षी पावसाआधी नवी माती लागते. ती चुकली की पाणी भिंतीत मुरतं, आणि भिंत रस्त्यावर किंवा शेजाऱ्याच्या अंगणात कोसळते.

१९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमानुसार अशी धोकादायक वास्तू दुरुस्त करा किंवा उतरवा, अशी नोटीस मुख्याधिकारी देऊ शकतात. मालकानं दुर्लक्ष केलं तर काम नगरपरिषद करते आणि खर्च त्याच्याकडून वसूल करते. वाटणीचा वाद चालू असला तरी भिंत थांबत नाही, म्हणून भावकीनं आधी टेकू द्यावा. शेजाऱ्यानंही तोंडी न सांगता फोटोंसह लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.