पेटी फुटली नाही, पण...

मी भूलतज्ज्ञ. उमेदीच्या काळात आदिवासी भागातल्या शस्त्रक्रिया शिबिरांना जात असे. एकदा जीप खड्ड्यात आदळली आणि भुलीची पेटी खाली पडली. उघडून पाहिलं तर सगळं शाबूत, तबकडीही फिरत होती. सहकारी म्हणाले, "डॉक्टर, काही झालेलं नाही." तरी मी ती वापरली नाही. पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन जमतील तेवढ्या शस्त्रक्रिया केल्या. बाकीचे रुग्ण परत पाठवले. त्यांचे चेहरे अजून आठवतात. पुढे शहरात तपासणी केली, तेव्हा तबकडी एकवर असताना वाफ दोन टक्क्यांच्या घरात येत होती!

हे कसं होतं? रणांगणावर किंवा भूकंपग्रस्त गावात वायूंचे सिलिंडर मिळतीलच असं नाही. म्हणून तिथं 'ड्रॉ-ओव्हर' यंत्र नेतात. त्यात रुग्णाचा श्वासच बाहेरची हवा औषधावरून ओढून घेतो. ब्रिटिश सैन्याचं 'ट्राय-सर्व्हिस' यंत्र याच जातीचं. १९८२ च्या फॉकलंड युद्धात एजॅक्स बे इथं, बंद पडलेल्या शीतगृहात थाटलेल्या रुग्णालयात ते कामी आलं. त्यातल्या छोट्या व्हेपोरायझरमध्ये जेमतेम ५० मिलिलिटर औषध मावतं.

मेख पुढेच आहे. २० अंश सेल्सियसला हॅलोथेनची वाफ हवेत ३२ टक्क्यांपर्यंत साठते. रुग्णाला मात्र एक-दोन टक्केच हवी. हवा किती मिसळायची, हे तबकडीखालच्या बारीक वाटा ठरवतात. त्या केसभर सरकल्या, तरी एक तर रुग्ण जागा राहील, नाहीतर त्याचा रक्तदाब कोसळेल.

म्हणूनच अशा साधनांची आधी कसून परीक्षा घ्यावी लागते. अमेरिकी लष्कराच्या ८१० क्रमांकाच्या मानकात वाहतुकीची एक चाचणी आहे. हातानं उचलता येणारी वस्तू १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा टाकतात. सहा बाजू, बारा कडा आणि आठ कोपरे, प्रत्येकावर एकदा. शिवाय हादरे, धूळ, ऊन, थंडी आहेतच.

पण फुटली नाही म्हणजे पास झाली, असं नव्हे. आपटण्यापूर्वी आणि नंतर तबकडीच्या प्रत्येक खुणेवर वायुमापकानं वाफ मोजायची. थंड आणि उष्ण अशा दोन्ही हवेत. झडपा आणि गळती पाहायची. आकडे जुळले, तरच पेटी खरी.

वाण्याचा काटा पडला, तर तो हलतो की नाही एवढंच आपण पाहत नाही. किलोचं वजन ठेवून बघतो. इथं तर काट्यावर माणूस असतो.

परत पाठवलेले रुग्ण पुढच्या शिबिराला आले. तेव्हा पेटी मोजून आणली होती.