कंपनीचे राज्य: विज्ञानकथेतले आणि घोडनदीकाठचे

(शिरूर आणि दौंड येथे दिलेल्या दोन व्याख्यानांचे एकत्रित शब्दांकन)

विज्ञानकथेवर बोलायला तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर कशाला बोलावला, असे काहींना वाटले असेल. पण विज्ञानकथा आणि तत्त्वज्ञान यांचे एक काम सारखेच असते. 'समजा असे झाले तर?' असे विचारायचे आणि शेवटपर्यंत जायचे. आज आपण एकच 'समजा' घेऊ. समजा, एक कंपनीच राज्य करू लागली तर?

परदेशी चित्रपटांनी हे पुष्कळ रंगवले आहे. 'एलियन' (1979) मध्ये अंतराळयान कंपनीचे आहे, माणसे कंत्राटावर आहेत. परग्रहावरचा जीव घेऊन या, त्यात माणसे गेली तरी चालतील, असा गुप्त हुकूम यानाच्या संगणकात आधीच भरलेला आहे. 'रोबोकॉप' (1987) मध्ये एका शहराचे पोलीस खातेच कंपनी चालवते. कंपनीकडे माल आहे, दंडुका आहे आणि कायदाही तिच्या खिशात आहे. हे बघून आपण म्हणतो, काय भयंकर भविष्य! पण शिरूरकरांनो, हे भविष्य तुमच्या घोडनदीच्या काठावर दोनशे वर्षांपूर्वी होऊन गेले आहे.

तारखा बघा. 31 डिसेंबर 1600 रोजी इंग्लंडच्या राणीने ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली. पूर्वेकडचा व्यापार पंधरा वर्षे याच कंपनीने करायचा, दुसऱ्या कोणी इंग्रजाने करायचा नाही. मक्तेदारी म्हणतात ती हीच. 1765 मध्ये या कंपनीला बंगाल, बिहार, ओरिसाची दिवाणी मिळाली. म्हणजे दुकानदार सारा वसूल करू लागला. पुन्हा 31 डिसेंबर, साल 1802. दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला. कंपनीची कायम फौज पेशव्यांच्या मुलखात राहणार, तिच्या खर्चासाठी वर्षाला 26 लाखांचा मुलूख पेशव्यांनी तोडून द्यायचा, आणि दुसऱ्या सत्तांशी परस्पर बोलणी करायची नाहीत. या फौजेची छावणी होती आपल्या शिरूरला. राजाने पैसे मोजून स्वतःवर पहारेकरी नेमून घेतला, बरं का!

आणि तिसरी 31 डिसेंबर 1817 ची. त्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी शिरूरहून निघाली, रात्रभर चालली आणि 1 जानेवारी 1818 ला कोरेगाव भीमाला पेशव्यांच्या सैन्याशी तिची लढाई झाली.

इथे आपण जरा थांबू. 'कंपनी वाईट, म्हणून पेशवाई चांगली' एवढे सोपे हे नाही. त्या तुकडीत महार सैनिक मोठ्या संख्येने होते. ज्या राज्यात रस्त्यावर सावली पडण्याचाही गुन्हा होत होता, त्या राज्याविरुद्ध ते लढत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1 जानेवारी 1927 ला तिथल्या स्तंभाला मानवंदना द्यायला आले, ते हा इतिहास ओळखूनच. हुकूमशाही जातीचीही असते, कंपनीचीही असते. आणि ज्या इंग्रजी सत्तेसाठी ही माणसे लढली, तिने पुढे 1890 च्या दशकात महारांची लष्करभरती बंद करून टाकली. मर्जीने मिळालेले मर्जीने गेले. हक्क आणि मेहेरबानी यांतला फरक इथे दिसतो.

आता मक्तेदारीतून हुकूमशाही होते कशी? अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी 1970 च्या पुस्तकात एक सोपी मांडणी दिली आहे. एखादी संस्था नीट वागेना, तर माणसाला दोन वाटा असतात. एक, सोडून जाणे. दुसरी, आत राहून आवाज उठवणे. मक्तेदारी पहिली वाट बंद करते, हुकूमशाही दुसरी. दोन्ही बंद झाल्या की विज्ञानकथेतले ते भयाण जग तयार होते. 'एलियन'मधल्या लोकांना यानाबाहेर पाऊल टाकायला जागा नाही, आणि हुकूम गुप्त असल्यामुळे तक्रार तरी कशाविरुद्ध करायची?

हर्शमन निष्ठेबद्दलही बोलतात. शिरूरला कर्नल वॉलेसची कबर आहे. हा त्या छावणीचा अधिकारी, 1809 ला वारला. जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे की गावकरी त्याला 'सतपुरुष' मानत आणि सुगीत त्याच्या कबरीवर नैवेद्य ठेवत. माणूस चांगला असेलही. पण चांगल्या अधिकाऱ्यामुळे यंत्रणा चांगली ठरत नाही. अ‍ॅडम स्मिथने 1776 मध्येच सांगितले होते की व्यापारी कंपनीचे सरकार हे बहुधा सर्वांत वाईट सरकार. कारण राज्यकर्त्याचे हित रयत सुखी असण्यात असते, व्यापाऱ्याचे हित स्वस्तात घेऊन महाग विकण्यात असते. 1833 मध्ये कंपनीचा व्यापार बंद झाला, राज्य राहिले. तरी भागधारकांना साडेदहा टक्के लाभांश भारताच्या महसुलातून मिळतच राहिला.

दौंडकरांनाही हे ओळखीचे वाटेल. तुमचे गाव रेल्वेने वाढवले. जीआयपी ही रेल्वे कंपनी खासगी होती, पण तिच्या भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी सरकारने दिली होती. तोटा आला तर भरपाई इथल्या रयतेच्या महसुलातून. नफा खासगी, जोखीम सार्वजनिक. दौंड-मनमाड मार्ग 1878 ला झाला, तो मात्र सरकारी रेल्वे म्हणून.

मग उपाय काय? आपल्या जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा आठवा. गंगाधरपंत गायतोंडे एका वेगळ्या इतिहासात जाऊन पडतात. तिथे पानिपतावर विश्वासराव वाचले आहेत, मराठे जिंकले आहेत. आणि मुंबईत स्टेशनाबाहेर येतात तो समोर ईस्ट इंडिया कंपनीची भव्य कचेरी! कंपनी जिवंत आहे, भरभराटीत आहे. पण मुंबई भाडेपट्ट्याने दिलेली आहे आणि पट्टा 2001 ला संपणार आहे. आम्हाला या कथेतली ही गोष्ट फार मोलाची वाटते. कंपनी तिथे नष्ट झालेली नाही, तिला हद्द आहे आणि मुदत आहे. आपल्या 2002 च्या स्पर्धा कायद्याचा विचारही याच वळणाचा आहे. मोठे असणे हा गुन्हा नाही, मोठेपणाचा गैरवापर हा गुन्हा.

दौंडच्या व्याख्यानानंतर एका तरुणाने विचारले, "सर, हे सगळं खरं, पण आमचं काय? ऊस घालायचा तर कारखाना एक, नोकरी करायची तर कंत्राटदार एक."

प्रश्न रास्त आहे. आमच्या घरीही एका हंगामात उसाला तुरे आले तरी तोड मिळाली नव्हती. वडील रोज चिटबॉयच्या दारात जाऊन बसायचे. तुटलेला ऊस ठेवून भागत नाही, लांब नेणे परवडत नाही, आणि दोन कारखान्यांतले किमान अंतरही नियमाने ठरलेले. म्हणजे सोडून जाण्याची वाट अरुंदच. म्हणूनच सहकारात दुसरी वाट मुद्दाम रुंद ठेवली होती. कंपनीत जितके भाग तितकी मते. सहकारात एक सभासद, एक मत, मग भाग एक असो की शंभर. पण वार्षिक सभेत वडील कधी बोलायला उभे राहिले नाहीत. "कशाला वाकड्यात शिरायचं?" म्हणायचे. आवाजाची वाट कायद्याने उघडी होती. ती भीतीने बंद झाली होती.

त्या तरुणाला आम्ही एवढेच सांगितले. कारखाना असो, कंत्राटदार असो, मोबाइलमधले अ‍ॅप असो, तीन प्रश्न विचारत जा. मला हे सोडता येते का? इथे माझे ऐकून घेणे कोणावर बंधनकारक आहे का? आणि यांच्या सत्तेला मुदत आहे का? तिन्हींची उत्तरे 'नाही' आली, तर तू विज्ञानकथेत राहतो आहेस असे समज, आणि पुढच्या सभेला एकटा जाऊ नकोस, चारजण घेऊन जा.

तो म्हणाला, "सर, कंत्राटी कामगारांची सभाच होत नाही." यावर आमच्याकडे तयार उत्तर नव्हते. पुढच्या व्याख्यानात तिथूनच सुरुवात करू.