ई-मेल सर्व्हर परिभाषा
ई-मेल सर्व्हर परिभाषा : व्यापारी संस्था, बँका, कारखाने, कार्यालये इत्यादींचा संगणकीय पत्रव्यवहार स्वीकारणे, पुढे पाठविणे व साठवून ठेवणे ही कामे करणारा संगणक किंवा त्यावरील आज्ञावली यांस ई-मेल सर्व्हर म्हणतात. त्याच्या व्यवस्थापनात रूढ असलेल्या प्रमुख संज्ञांचे विवेचन प्रस्तुत नोंदीत केले आहे. यांपैकी काही संज्ञा टपाल खात्याच्या व्यवहारावरून आलेल्या आहेत, तर पुष्कळशा संज्ञा मूळ पद्धतीतील एका उणिवेमुळे निर्माण झाल्या आहेत. पत्र पाठविणारा खरोखर तोच आहे की नाही, याची खात्री करून घेण्याची सोय या पद्धतीत प्रारंभी नव्हती, ही ती उणीव होय.

पार्श्वभूमी : अमेरिकन अभियंते रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये अर्पानेट या संगणक-जाळ्यातून एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर संदेश पाठविला. व्यक्तीचे नाव व संगणकाचे नाव यांमध्ये ‘@’ हे चिन्ह योजण्याची प्रथा त्यांनीच पाडली. संदेशांची ने-आण करण्याचा नियमसंच (प्रोटोकॉल) जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये तयार केला. तो एसएमटीपी या नावाने ओळखला जातो. त्याच वर्षी संदेशाच्या मांडणीचे नियम डेव्हिड क्रॉकर यांनी सिद्ध केले. हे दोन्ही नियमसंच नंतर सुधारण्यात आले असले (२००१, २००८), तरी त्यांचा गाभा कायम आहे. त्या काळी हे जाळे मुख्यतः संशोधनसंस्था, विद्यापीठे व संरक्षण खात्याशी संबंधित कार्यालये यांच्यापुरते मर्यादित असल्यामुळे प्रेषकाच्या शब्दावर विश्वास ठेवण्यात कोणास धोका वाटला नाही.

लिफाफा व पत्र : दोन सर्व्हरांमधील संभाषण ठराविक आज्ञांनी होते. पाठविणारा सर्व्हर प्रथम ‘एहलो’ या आज्ञेने आपले नाव सांगतो. त्यानंतर ‘मेल फ्रॉम’ने प्रेषकाचा व ‘आरसीपीटी टू’ने प्राप्तकर्त्याचा पत्ता देतो आणि शेवटी ‘डेटा’ या आज्ञेनंतर प्रत्यक्ष संदेश सुपूर्द करतो. यांतील दोन पत्त्यांना मिळून एन्व्हलप (लिफाफा) म्हणतात. संदेशाच्या आरंभी फ्रॉम, टू, सब्जेक्ट इ. ओळी असतात, त्यांना हेडर (शीर्ष) अशी संज्ञा आहे. टपाल लिफाफ्यावरील पत्त्यानुसार चालते, वाचकाला मात्र केवळ शीर्ष दिसते. दोहोंतील नावे जुळलीच पाहिजेत, असा नियम नाही. ‘बीसीसी’ म्हणून ज्याला प्रत जाते त्याचे नाव लिफाफ्यावर असते, पण इतरांना मिळालेल्या पत्रात नसते, याचे कारण हेच. ही मुभा सोयीची आहे. तथापि तिचाच आधार घेऊन दुसऱ्याच्या नावाने पत्र पाठविता येते. या प्रकारास स्पूफिंग म्हणतात.

वाहतूक व वितरण : पत्त्यातील ‘@’ या चिन्हानंतरच्या भागास डोमेन म्हणतात. डोमेनविषयीची माहिती डीएनएस या नामनिर्देशिकेत (१९८३) नोंदलेली असते. अमुक डोमेनचे टपाल कोणत्या सर्व्हरने स्वीकारावे, हे सांगणाऱ्या तिच्यातील नोंदीस एमएक्स नोंद (१९८६) म्हणतात. एकाहून अधिक सर्व्हर असल्यास प्रत्येकास क्रमांक दिलेला असतो व लहान क्रमांकाच्या सर्व्हरकडे टपाल प्रथम नेले जाते. ही ने-आण करणाऱ्या आज्ञावलीस एमटीए म्हणतात. सेंडमेल, एक्झिम व पोस्टफिक्स ही तिची परिचित उदाहरणे होत.

पुढे जाण्याची वाट पाहणारे संदेश क्यूमध्ये (रांगेत) राहतात. समोरच्या सर्व्हरचे उत्तर तीन अंकी असते. २ ने सुरू होणारे उत्तर स्वीकृतीचे, ४ ने सुरू होणारे तात्पुरत्या अडचणीचे व ५ ने सुरू होणारे कायमच्या नकाराचे असते. तात्पुरती अडचण असल्यास काही वेळाने पुन्हा प्रयत्न केला जातो. असे प्रयत्न किमान चार-पाच दिवस चालू ठेवावेत, अशी शिफारस आहे. कायमचा नकार आल्यास प्रेषकास सूचना परत जाते. तीस बाउन्स म्हणतात. ही सूचना लिफाफ्यावरील प्रेषकाकडे जाते. तो पत्ता खोटा असल्यास निरपराध व्यक्तीच्या मेलबॉक्समध्ये (टपालपेटीत) अशा सूचनांचा खच पडतो. त्यास बॅकस्कॅटर ही संज्ञा आहे. कोणाही परक्याचे टपाल कोणाही परक्याकडे पोहोचविणाऱ्या सर्व्हरला ओपन रिले म्हणतात. एके काळी हे सौजन्य मानले जाई. स्पॅम, म्हणजे न मागितलेले घाऊक टपाल, वाढल्यापासून तो व्यवस्थापनातील दोष समजला जातो.

मेलबॉक्समधील पत्रे वाचण्यासाठी मुख्यतः दोन पद्धती आहेत. पीओपी३ पद्धतीत पत्रे सामान्यतः वाचकाच्या संगणकावर उतरवून घेतली जातात, तर आयमॅप पद्धतीत ती सर्व्हरवरच राहतात व अनेक उपकरणांवरून वाचता येतात. एका मेलबॉक्सला दिलेल्या पर्यायी पत्त्यास अलायस व मेलबॉक्सच्या ठरवून दिलेल्या आकारमर्यादेस कोटा म्हणतात. सर्व्हर परस्परांशी २५ क्रमांकाच्या पोर्टवरून बोलतात. कर्मचाऱ्यांनी पासवर्ड देऊन पत्र सुपूर्द करण्यासाठी मुख्यतः ५८७ क्रमांकाचे पोर्ट राखलेले असते. वाटेत मजकूर कोणास वाचता येऊ नये म्हणून टीएलएस हे सांकेतिक आवरण वापरतात. मात्र ते एका टप्प्यापुरतेच असते. प्रत्येक सर्व्हरवर पत्र पुन्हा उघडे होते.

ओळखीची पडताळणी : मूळ उणीव भरून काढण्यासाठी तीन उपाय क्रमाने प्रचारात आले. एसपीएफ (२००६) या उपायात, आपल्या डोमेनचे टपाल पाठविण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरांना आहे, याची यादी संस्था डीएनएसमध्ये जाहीर करते. तीवरून लिफाफ्यावरील पत्ता पडताळला जातो. मात्र पत्र मधल्या सर्व्हरने पुढे धाडले, तर ही पडताळणी बहुधा फसते. डीकेआयएम (२००७) या उपायात, पाठविणारा सर्व्हर गुप्त किल्लीने पत्रावर सही करतो व तिची जोडकिल्ली डीएनएसमध्ये सर्वांसाठी ठेवतो. वाटेत सही केलेल्या मजकुरात बदल झाल्यास सही जुळत नाही. डीमार्क (२०१५) हा तिसरा उपाय या दोहोंची सांगड वाचकाला दिसणाऱ्या फ्रॉम या ओळीशी घालतो. पडताळणी फसल्यास काय करावे, हेही त्यात डोमेनचा मालक सांगू शकतो : काही करू नये, संशयित म्हणून वेगळे ठेवावे किंवा नाकारावे. दररोज पाच हजारांहून अधिक पत्रे जीमेलच्या खात्यांना पाठविणाऱ्यांस गूगलने हे तिन्ही उपाय फेब्रुवारी २०२४ पासून आवश्यक केले.

मर्यादा : वरिष्ठाच्या किंवा पुरवठादाराच्या नावाने लेखापालास पत्र यावे, त्यात बँकखाते बदलल्याचे कळवावे व त्याने रक्कम त्या खात्यात भरावी, हा फसवणुकीचा प्रकार सर्वत्र आढळतो. वरील उपायांमुळे त्यास पुष्कळ आळा बसतो. तथापि त्यांनी फक्त डोमेन सिद्ध होते, पाठविणाऱ्याचा हेतू नव्हे. एखाद्याच अक्षराचा फरक असलेले डोमेन रीतसर नोंदवून पाठविलेले पत्र, अथवा चोरलेल्या पासवर्डने खऱ्या खात्यातून पाठविलेले पत्र, तिन्ही कसोट्यांस उतरते. उलट, कडक गाळणीमुळे एखादी खरी निविदाही स्पॅममध्ये जाऊन पडते. अशा चुकीस फॉल्स पॉझिटिव्ह म्हणतात. म्हणून सर्व्हरवरील व्यवहाराचा लॉग (नोंदवही) जपणे महत्त्वाचे ठरते. भारतात सर्ट-इन या शासकीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२ मधील निर्देशांनुसार असे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. खातेबदलाची खातरजमा मात्र पूर्वीपासून माहीत असलेल्या दूरध्वनी क्रमांकावर प्रत्यक्ष बोलूनच करणे इष्ट होय.